मूळ बघितल्याशिवाय

मला अळंबी दिसली तेव्हा रानात मी एकटीच होते, तरी मोठ्यानं ओरडले, "सापडली!" वर जांभळीवरचं एक वानर दचकून पलीकडच्या झाडावर गेलं. जाऊ दे. एवढा आनंद मनातल्या मनात ठेवायला मला जमत नाही.

नागपंचमीची सुट्टी म्हणून मी साताऱ्याच्या शाळेतून घरी आले होते. गावातल्या साऱ्या पोरी झोक्यावर होत्या. मीही असते, कारण झोका उंच चढवण्यात मला कुणी हरवत नाही. पण मानसिंगदादाला दुसऱ्या दिवशी सकाळी पलटणीत परत जायचं होतं. लढाईवरून तो तापानं खंगून आला होता. रजा संपत आली तरी दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. आई रोज नवं काहीतरी करून पुढ्यात ठेवायची आणि रोज तेच ताट उचलून न्यायची. आदल्या दिवशी तिनं फारच छेडलं, तेव्हा तो म्हणाला, "अळंबीचा रस्सा असता तर वाडगाभर प्यालो असतो बघ."

"ते सोडून काय बी माग," आई म्हणाली. गेल्या साली वरच्या आळीतल्या एका घरानं अळंबी समजून कुत्र्याच्या छत्र्या खाल्ल्या आणि अख्खं घर ओकून ओकून आडवं झालं. तेव्हापासून आमच्या गावात कुणाच्या चुलीवर अळंबी चढली नव्हती.

मी मनाशी म्हटलं, विजयमाला, हे काम तुझं! अळंबी ओळखायला मला तानुआत्यानं शिकवलं होतं, तिच्यामागनं रान तुडवून. खरी अळंबी वारुळावर येते. टोपीच्या मधोमध टोक असतं. आणि मूळ वितीहून लांब, सरळ वारुळाच्या पोटात गेलेलं. कुत्र्याच्या छत्रीला असलं मूळ नसतं. "बाकी सगळं फसवतं, मूळ फसवत न्हाई," असं आत्या म्हणायची.

पण दिवस कुठला? नागपंचमी! आज जमीन उकरायची नाही, नांगर धरायचा नाही, विळीवर काही चिरायचं नाही. म्हणून मी एकेक अळंबी जमिनीसरशी हळूच मोडली. वारुळावरची संपली तर पुढं गवतात आणखी दिसल्या, चांगल्या टपोऱ्या. त्याही मोडल्या. पाटी भरली.

दारातच शेजारची बनाकाकू भेटली. "आली बाई मास्तरीण! घरादाराला मारायला काय आणलंस?"

"अळंबी, काकू. वास तरी घ्या."

"वास घिऊनच मरायचं असंल तर घेती."

आई पाटीकडं बघत राहिली. मग ओसरीवर बसलेल्या दादाकडं. तिला नाही म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं.

"चिरायची गरजच न्हाई आई," मी घाई केली. "हातानं फाडायची, उकडायची. सणाचं काय बी मोडत न्हाई."

"लय बोलती," आई म्हणाली. पण तिनं पायातलं रुप्याचं जोडवं काढलं, धुतलं आणि मूठभर अळंबीबरोबर उकळत्या पाण्यात टाकलं. विष असलं तर रुपं काळं पडतं, असं सगळ्या गावाचं म्हणणं. आम्ही तिघी पातेल्यावर वाकलो. जोडवं निघालं ते लखलखीत! आईचा चेहरा असा उजळला की मीच टाळ्या पिटल्या.

"आई, वास सुटलाय गं," दादा बाहेरून म्हणाला. स्वतःहून. "वाडगा मोठा घे."

आई भराभर अळंबी फाडायला बसली. मीही बसले. एक टपोरी हातात घेतली, उलटी केली, आणि माझा हात थांबला. टोपीखालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक होती. दांड्याला बांगडीसारखं कडं होतं. ही गवतातली!

ती एकटी गुपचूप मागं फेकावी असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू. दादानं वाडगा मागितला होता.

"आई, थांब. ह्यात दोन जाती हायत. माझ्याच हातनं मिसळल्यात."

"मग तेवढ्या निवडून टाक की," काकू म्हणाली.

"थोराड कळत्यात. कोवळ्या न्हाई कळत. मूळ असतं तर कळल्या असत्या, पर मी मोडून आणल्यात."

"अगं, रुप्यानं कौल दिलाय न्हवं?"

"रुप्याला काय कळतंय काकू? वरच्या आळीच्यांनी बी जोडवंच टाकलं हुतं. पांढरंच निघालं हुतं."

खरंच होतं ते. आईनं पातेलं उचललं आणि परड्यात नेऊन सगळं उकिरड्यावर ओतलं. पाटीही उपडी केली. मला रडू आलं, पण मी रडले नाही. दादा उठून आत आला आणि रिकाम्या चुलीकडं बघून हसायला लागला.

"आई, हिला आमच्या पलटणीत पाठीव. ताटात आलेलं वाईट असलं तरी परत न्यायला तिथं सुभेदाराची बी छाती हुत न्हाई. विजे, उद्या तरी उकरायला मुभा हाय ना?"

"उद्या तुला मोटार गाठायचीया," आई म्हणाली.

"वाट रानातनंच जाती की."

झुंजूमुंजू व्हायला आम्ही निघालो. दादाच्या डोक्यावर ट्रंक, माझ्या हातात खुरपं, आईकडं पातेलं, मीठ-चटणी आणि काडीपेटी. काकूही आली, कुणी बोलावलं नव्हतं. वारुळाच्या कडेला नव्या अळंब्या रातोरात उगवल्या होत्या. मी एकीच्या बाजूची माती हळूहळू सारली. मूळ खाली, आणखी खाली, पांढरं, निमुळतं होत वारुळाच्या पोटात गेलेलं. मग दुसरी, तिसरी, प्रत्येक. जिचं मूळ मध्येच तुटलं ती बाजूला टाकली.

"हीच?" आईनं विचारलं.

"हीच."

तिनं पुन्हा विचारलं नाही. तीन दगड मांडून पातेलं चढवलं. शिजल्यावर पहिला घोट तिनंच घेतला.

"आता घेऊन काय कळतंय?" काकू म्हणाली. "बाधलं तर सांजच्याला बाधंल."

"कळाया न्हाई घेतला," आई म्हणाली. "चव बघितली. मीठ कमी हाय."

दादानं एक वाडगा संपवला. खालून घाटातून, लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीची धाप ऐकू यायला लागली. आई ट्रंकेकडं बघायला लागली. दादानं वाडगा पुन्हा पुढं केला.

"चढाला माणसं उतरवून ढकलत्यात तिला," तो म्हणाला. "येळ हाय. घाल."