आतून ठोकायला हरकत नाही

एव्हर्टचं घर संरक्षित होतं. पिवळं, लाकडी, एकशे चाळीस वर्षांचं, तळ्याकडे तोंड करून बसलेलं. खिडकीचा रंग बदलायचा तरी नगरपालिकेला तीन नमुने पाठवावे लागत. एप्रिलात माळ्याच्या भिंतीवर एक सुतारपक्षी ठोकायला लागला. चौकशी केली तर तोही संरक्षित निघाला. उरले एव्हर्ट आणि गुनव्होर. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, पण तेवढ्यानं कुणी संरक्षित होत नाही.

पहाटे चारला उजाडायचं आणि ठकठक सुरू. मे महिन्यात गुनव्होर बहिणीकडे निघून गेली. जाताना आवाज न चढवता तिनं सांगितलं, की स्टेशनजवळच्या सिमेंटच्या इमारतीत फ्लॅटसाठी आपला नंबर लागलाय, शुक्रवारी उत्तर द्यायचंय. तोवर ठकठक थांबली तर परत येईन, नाहीतर फ्लॅट घेईन.

एव्हर्टनं भिंतीवर पत्रा मारला. दोन तासांत दारात निनावी, अत्यंत नम्र चिठ्ठी आली, की पत्रा घराच्या काळातला वाटत नाही. त्यानं प्लास्टिकचं घुबड आणून बसवलं. पक्षी घुबडावर बसून घुबडालाच ठोकू लागला.

मंगळवारी नगरपालिकेची अधिकारी तुवा आली. तिनं कॉफी घेतली, दालचिनीचे दोन पाव संपवले, भोकं मोजली. भोकं बुजवायला त्याच काळातलं लाकूड लागेल, आणि पक्ष्याला जुलै संपेपर्यंत हुसकायचं नाही, असं तिनं समजावलं.

"मग यातलं हलवता काय येतं?" एव्हर्टनं विचारलं.

तुवानं कागद उलटसुलट पाहिला. "तू," ती म्हणाली.

बुधवारी एव्हर्टनं वाचनालयात वाचलं, की हा पक्षी हद्द सांगायला ठोकतो. दुसरा जोरात ठोकणारा भेटला तर निघून जातो. त्यानं तुवाला फोन लावला. माळा आतून नवा आहे, त्यामुळे आतून ठोकायला हरकत नाही, असं तिनं सांगितलं.

गुरुवारी पहाटे चारला तो माळ्यावर लाकडी डाव घेऊन बसला. पक्ष्यानं ठोकलं, यानं ठोकलं. नऊपर्यंत पक्षी शेजारच्या संरक्षित घरावर गेला. मात्र हा दहा मिनिटं थांबला की तो परत यायचा.

शुक्रवारी गुनव्होर बॅग घेऊन दारात उभी राहिली. "अजून ठोकतोयच मेला."

"तो गेला. हा मी," वरून उत्तर आलं.

एव्हर्ट हसतमुखानं खाली आला आणि त्यानं सगळं सांगितलं. जुलैपर्यंतचाच प्रश्न आहे. जेवायला दहा मिनिटं पुरतात. आंघोळीचं अजून बसवतोय.

गुनव्होरनं त्याच्या हातातल्या डावाकडे पाहिलं. मग तिनं फ्लॅटवाल्यांना फोन लावला. पलीकडून राहणारे किती, असं विचारलं असावं, कारण तिनं फोनवर हात ठेवला.

"किती सांगू?"

त्याला दोन म्हणायचं होतं. अगदी मनापासून. पण नऊ मिनिटं झाली होती आणि बाहेर पन्हाळीवर पक्षी येऊन मान तिरकी करून बसला होता.

"आलोच," म्हणत एव्हर्ट दोन-दोन पायऱ्या चढत वर धावला.

दोन ठोक्यांच्या मधे खालून तिचा आवाज आला, "एक." त्याचा हात थबकला. भिंतीपलीकडून लगेच ठकठक सुरू झाली.