कुंपणाआडची शाळा

अमेरिकेत एडिसनला आल्यापासून शरयूबाईंची जीभ टाळ्याला चिकटली होती. सात वर्षांच्या नातीला, नंदाला, मराठीचा एक शब्द येत नव्हता. 'दोन भाषांनी मुलं गोंधळतात,' असं कुणा डॉक्टरनं सांगितलं, आणि इंजिनियर लेकानं, गिरीशनं, ते ब्रह्मवाक्य मानलं. भारतातला फोनसुद्धा हा गडी बेडरूमचं दार लावून घ्यायचा.

"आई, प्लीज, तिच्याशी इंग्लिशच बोल. उगाच कन्फ्यूज होते," त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं.

शरयूबाईंनी साताऱ्यात बत्तीस वर्षं गणित शिकवलेलं. कामापुरतं इंग्रजी येत होतं. पण त्यात ना धड रागावता येई, ना लाड करता येत. नातीला 'स्वीटी' म्हणताना आपण दुकानात बिस्किटं मागतोय असं वाटे. फार एकटं वाटायचं त्यांना.

शेजारच्या फ्लॅनगन म्हाताऱ्याला त्यांनी एकदा हे सांगितलं. रिटायर्ड पोस्टमन, मूळ आयर्लंडचा. तो खदखदून हसला.

"आमच्या गावी इंग्रजांनी कॅथलिकांच्या शाळा बंद पाडल्या होत्या. मास्तर कुंपणाआड शाळा भरवायचे. एक पोरगं पहाऱ्याला. शिपाई दिसला की शीळ! माझ्या पणजोबाचा पणजोबा असाच शिकला. माझं कुंपण घ्या."

इंग्रजांवर कुरघोडी म्हटल्यावर शरयूबाईंना तो एकदम माहेरचाच वाटला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या अंगणात शाळा भरली: नंदा आणि तिच्या वर्गातली आणखी दोन मराठी पोरं. कळलं तर गिरीश शाळा बंद पाडणार आणि नात पुन्हा 'हाय, ग्रॅनी'वर जाणार, या धास्तीनं बाईंना धड झोप लागेना.

पहारा फ्लॅनगनचा. मोटार दिसली की तो गवत कापायचं मशीन सुरू करी. टपालाची गाडी आली, मशीन सुरू. ऑक्टोबर उजाडला, गवत वाढायचं थांबलं, तरी मशीन सुरूच. म्हाताऱ्याला चळ लागला, असं गल्ली म्हणू लागली.

एके दिवशी गिरीशची मीटिंग कॅन्सल झाली. तो चारलाच घरी आला. पहारेकरी उन्हात खुर्चीवर घोरत होता. घर रिकामं पाहून गिरीश शोधत मागे गेला आणि कुंपणापाशी थबकला.

"सतरा त्रिक एकावन्न," पलीकडे नंदाचा आवाज. "सतरा चोक... सतरा चोक..."

"अडुसष्ट," गिरीशच्या तोंडून निघून गेलं.

"मागून कोण सांगतंय? उभा राहा!" शरयूबाई कडाडल्या.

"उभाच आहे, आई."

कुंपणापलीकडे टाय लावलेला गिरीश दिसला. संपली शाळा.

नंदा मात्र बापाकडे डोळे फाडून पाहत होती.

"आजी, डॅडला मराठी येतं?"

"येतं."

"कोणी शिकवलं?"

"मीच."

नंदानं आवाज एकदम खाली आणला. "असंच? लपून?"

शरयूबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "तेव्हा लपावं लागत नव्हतं."