लीलाबाईचा पाटा

उजनीचं पाणी ओसरलं की बुडालेलं गाव उघडं पडतं, आणि बारामतीची पोरं तिथं जीपा उडवायला येतात. जुनं देऊळ बघायचं हे नुसतं सांगायला.

यंदा माझी आत्या लीलाबाई हट्टानं जीपमध्ये बसली. धरणापायी हे गाव सोडताना तिनं देव नेले, भांडी नेली. परसात पुरलेली तान्ही लेक तेवढी मागं राहिली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर घरचा मसाल्याचा पाटा ठेवला होता. तो तिला शोधायचा होता.

देवळाच्या अलीकडं त्या पोरांतल्या सौरभची जीप गाळात रुतली. त्यानं कुठूनसा दगड आणून चाकाखाली घातला. जीप निघाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आत्या वाकली. दगडावर पाट्याला असतात तसे टाकीचे घाव होते.

"ह्यो कुठनं उचललास रं?"

"आसंल तिकडनंच कुठनं तरी. दगडच हाय की, आजी."

"माझा पाटा हाय."

सौरभनं मागं पाहिलं. चहूकडं नुसत्या चाकांच्या खुणा होत्या.

आत्यानं चपला काढल्या. "गाड्या बंद करा. लेक कुठं हाय, आता मलाबी ठावं न्हाय."

मग किल्ली फिरवायची कुणाचीच छाती झाली नाही. जीपा तिथंच सोडून आम्ही अनवाणी, पाऊल चाचपत कडेला आलो.