भिंतीला पाणी

ते साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. गुडघे धरल्यापासून मामंजींना जिना चढवत नव्हता, म्हणून आम्ही घरामागे त्यांच्यासाठी एक खोली वाढवली. मामंजींनी जन्मभर गवंडीकाम केलं होतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या धाकट्या लेकाने, म्हणजे माझ्या दिरांनी, ती खोली बांधली.

मामंजी तिथे राहायला गेले आणि काही महिन्यांत मागच्या भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढा डाग, मग पलंगाच्या उंचीपर्यंत रंगाचे फुगे. बोट लावलं की पोपडा पडायचा आणि आत पांढरा खार दिसायचा. मामंजी बघायचे आणि म्हणायचे, "कच्चं काम."

आमचे हे कचेरीतले. बांधकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी जेवताना धाकट्या भावाला म्हणाले, "भिंत बांधलीस की रांजण रे?"

एरवी भाऊजींनी सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी ते ताट सारून शिडी आणायला गेले.

त्यांनी छत तपासलं, ते कोरडं. न्हाणीचा पाइप उकरून पाहिला, तोही ठणठणीत. शेवटी त्यांनी ओलीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून बसवला. मला म्हणाले, "वहिनी, थेंब आपल्या बाजूला धरले तर खोलीतली हवा दमट. मागच्या बाजूला धरले तर पाणी भिंतीतून येतंय."

थेंब मागच्या बाजूला धरले.

बाहेरून गिलावा व्हायचा होता, विटा उघड्याच होत्या. पण कित्येक आठवड्यांत पावसाचा टिपूस नव्हता. भाऊजी कामावरून आल्यावर मागे जाऊन हात लावत, तेव्हा उन्हाने विटा वरून सुकलेल्या असत. मग वाळूच खारट असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. भिंत पाडणार होते. हातात आलेलं एक मोठं काम त्यांनी नाकारलं. "बापाची खोली धड बांधता आली नाही, लोकांची घरं काय बांधू?" म्हणाले आणि थापी माळ्यावर टाकून दुसऱ्यांच्या कामावर नुसत्या देखरेखीला जाऊ लागले.

दुपारी घरात मामंजी एकटेच असत. मी शाळेत शिकवायला जायची. एकदा अंगात ताप भरला म्हणून लवकर परतले, तर मागून पाण्याचा आवाज. मामंजी एका हाताने काठी टेकून उभे होते, दुसऱ्या हातात बागेचा पाइप. भिंत वरून खालपर्यंत शांतपणे भिजवत होते, एकही वीट न सोडता.

"मामंजी, हे काय?"

"नवं काम आहे, बाई. पाजलं नाही तर तडे जातील. पोरगं पाणी न मारताच घरी गेलंय." मग माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "मालकीणबाई, काळजी करू नका. तुमची भिंत हलायची नाही."

लग्न होऊन आल्यापासून ते मला सूनबाई म्हणत.

संध्याकाळी भाऊजींना सांगितलं. भिंत निर्दोष आहे हे ऐकून त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. ते पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते घरी थांबले. मामंजी पाइप घेऊन उभे राहिल्यावर जवळ जाऊन म्हणाले, "मिस्त्री, आता पुरे. मुरू द्या."

मामंजींनी पाइप दिला. "नवा आहेस?"

"हो. तुमच्याच हाताखाली."

मामंजी पुढे चार वर्षं जगले. भाऊजींनी अंगणाच्या टोकाला विटांचा गुडघाभर कट्टा बांधून दिला. तो मामंजींनी शेवटपर्यंत पाजला. ह्यांनी भावाची माफी मागितली नाही, पण गिलाव्याच्या दिवशी रजा काढून घमेली उचलली आणि आठवडाभर कंबर धरून फिरले. भाऊजींनी पुढे खूप घरं बांधली. आता त्यांचे हात कापतात. हे गेल्यापासून त्या खोलीत मी झोपते. भिंत कोरडी आहे. परवा भाऊजी भेटायला आले. बोलता बोलता त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि मला विचारलं, "मालकीणबाई, पाणी मारलं का आज?"

ते थट्टा करत होते की काय, मी विचारलं नाही.