पांढरी पट्टी

थोरलीने आईचं स्टूल जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून पुढे, कॅमेऱ्याच्या पार जवळ ओढलं आणि आखूड लेन्स लावली.

धाकटी आईचे केस सारखे करत होती. “आई, तिकडे तुझ्यासाठी वेगळी खोली ठेवलीय. खिडकीतून नुसती झाडंच झाडं!”

“झाडं इथेही आहेत,” थोरली म्हणाली.

“एक आहे, ताई. तेही शेजाऱ्यांचं.”

आई खुदकन हसली. थोरलीला ते हसू टोचलं.

“हसू नकोस. पासपोर्टचा फोटो आहे.”

स्टुडिओ मूळचा आईचा. स्टुलाची जागा दाखवणारी पट्टीही तिनेच चिकटवलेली. मुली लहान असताना ती धाकटीला स्टुलावर बसवायची आणि थोरलीला शिकवायची, “फार जवळ गेलीस की नाक पुढे धावतं, कान मागे राहतात. मग माणूस ओळखू येत नाही. मागे सर, लांब लेन्स लाव, की सगळं आपापल्या जागी बसतं.” शिकवता शिकवता धाकटीचा गालगुच्चा घ्यायची. दिवा धरून थोरलीचा हात भरून यायचा.

पुढे धाकटी परदेशी गेली, तिकडचीच झाली. आईची औषधं, दुखरे गुडघे, रात्रीची जागरणं थोरलीच्या वाट्याला आली. शेजारणींसमोर कौतुक मात्र धाकटीचं. आणि आता ती आईलाच न्यायला आली होती.

थोरलीने बटण दाबलं.

दोन दिवसांनी धाकटी पासपोर्ट कार्यालयातून तणतणत परतली.

“जुन्या फोटोशी चेहरा जुळत नाही म्हणे! नाक बघ केवढं आलंय. कान तर गायबच. ताई, तुझ्या हातून असं?”

“घाई झाली.”

“उद्या नवा फोटो दिला नाही, तर अर्जच बाद. मग कसली येतेय आई!”

आईने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. थोरलीची मान खाली गेली. जिने शिकवलं, तिला का कळणार नव्हतं?

धाकटी फोन घ्यायला बाहेर गेली. थोरलीने स्टूल पट्टीवर ठेवलं, लांब लेन्स लावली आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरली. कॅमेऱ्यातून आईचा चेहरा जसाच्या तसा दिसला. हा फोटो कुणी परत पाठवणार नव्हतं. ती डोळे पुसायला बाजूला वळली.

फरशीवर स्टुलाचे पाय घासले.

आई स्टूल ओढत थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी येऊन बसली होती.

“आई, पट्टी मागे राहिली.”

“ठाऊक आहे. मीच चिकटवलीय ती.” आईने एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ती परवाची लेन्स लाव गं. लवकर. ती आत यायच्या आत.”