लेकीच्या नंबराआधी शून्य

शेषरावांनी सोनाळ्याच्या बसस्टँडसमोर वीस वर्षं एसटीडीचा बूथ चालवला. काचेची एवढीशी खोली, आत एक स्टूल, आणि बाहेर टेबलामागे शेषराव. कोडांची छापील यादी खणात पडलेली असायची, पण ती उघडताना त्यांना कुणी पाहिलं नाही. गिऱ्हाइकानं गावाचं नाव घ्यावं, शेषरावांनी कोड सांगावा.

"सुरत."

"शून्य दोनशे एकसष्ट."

"अकोला."

"शून्य सातशे चोवीस. लाव."

सुचिता त्यांची एकुलती एक. शाळा सुटली की टेबलाच्या कोपऱ्यावर दप्तर टाकून बसायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, मुंबईचा कोड इवलासा, अन आपला एवढा लांब काऊन?"

"कोड अन नंबर मिळून दहा आकडे झाले पाह्यजे, माय. मुंबईत फोन लई, तिथं नंबरच आठ आकड्यांचा. मंग कोडाले उरते दोन. आपल्याकडे फोन थोडे, सहा आकड्यांत भागते. म्हणून लहान गावाले मोठा कोड."

"अन शून्य?"

"शून्य म्हणजे वेशीचं फाटक. बाहेर जाचं त आधी फाटक उघडा, मंग गाव, मंग घर. गावातल्या गावात बोलाचं त फाटक कायले उघडा? आपल्या माणसाले शून्य लावत नसतात."

हे सांगताना ते बूथवाले राहत नसत, मास्तर होत.

पुढे मोबाइल आले आणि बूथ बंद झाला. काचेची खोली कुणीतरी कोंबड्यांसाठी नेली. शेषरावांनी फोन तेवढा घरी आणला आणि बैठकीत दाराच्या चौकटीजवळच्या फळीवर ठेवला. सुचिता बारावीत असताना तिची आई, कोकिळा, गेली. चार वर्षांनी सुचिता लग्न होऊन चिखलीकडे उंद्रीला गेली. तेव्हा त्यांनी तिच्या मोबाइलचा नंबर फोनामागच्या भिंतीवर ठळक पेन्सिलनं लिहिला. दहा आकडे, शून्याशिवाय. राज्याबाहेरच्या मोबाइलला शून्य लागायचं, इथल्याला नाही, हेही त्यांनीच गावाला सांगितलं होतं.

दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन यायचा. फोन बापानंच करायचा, असा त्यांचा नेम. "लेकीनं माहेरी लावला की सासरचे कान टवकारते. बापानं लावला की कोणी काही म्हणत नाही," असं ते म्हणायचे. सुचिता पावणेनऊलाच हातातलं काम उरकून परसात जाऊन उभी राहायची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. शेषरावांनी एकट्यानं खोलीला चुना लावला, खाट विणून घेतली, शेजारच्या अमीनाचाचीला रात्री सोबतीला येशील का म्हणून विचारून ठेवलं. हे सगळं त्यांनी संक्रांतीच्या आधल्या रविवारी फोनवर एका दमात सांगितलं. सुचिताला आठवा महिना सरत आला होता. पायांवर सूज होती, रात्रभर झोप नव्हती, आणि आईची आठवण तर सारखीच. ती चिडून बोलून गेली, "तिथं आई नाही, बाबा. तुम्ही काय करान माझं? कळा सुरू झाल्या त कोड सांगान का?"

ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी नऊ वाजले, साडेनऊ वाजले, फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. रुसले असतील, तिला वाटलं. मग वाटलं, रुसायला मी काय खोटं बोलले? आपण लावावा म्हणून तिनं दोनदा आकडे दाबले आणि तो "बरं" आठवून पुसून टाकले.

फेब्रुवारीत चिखलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिच्या नवऱ्यानं, शेखरनं, सोनाळ्याला कळवलं. "काय म्हणाले?" तिनं खाटेवरूनच विचारलं.

"लाइन खराब होती, ओरडून सांगावं लागलं. बरं झालं म्हणाले."

"मले द्या फोन, असं नाही म्हणाले?"

शेखरनं मान हलवली. बारशाचंही त्यानंच सांगितलं. तेव्हा पुन्हा सगळीकडे कोरोनाचा बंद सुरू झाला होता, कुणाचं येणं-जाणं नव्हतं. मुलीला सगळे छकुलीच म्हणायचे. ती हसली, पालथी पडली, रांगली. प्रत्येक वेळी सुचिताच्या मनात पहिल्यांदा यायचं ते, रविवारी बाबांना सांगू. आणि मग रविवार यायचा.

दिवाळीला मात्र तिच्यानं राहवलं नाही. शेखरनं तिला आणि छकुलीला शनिवारी सोनाळ्याच्या गाडीत बसवून दिलं. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं, असं तिनं वाटभर ठरवलं होतं.

दारात अमीनाचाचीच भेटली. "आली का व महाराणी! संक्रांतीतच बाप इकडे बुखारात पडला होता, पंधरा दिवस. उठला त कान गेलेले. ढोल वाजवला तरी वळून पाहत नाही."

"मले काऊन नाही कळवलं, चाची?"

"घ्या! दर इतवारले आंघोळ करून, टोपी घालून फोनापाशी बसते की थो. मले वाटे, तुह्याशीच बोलते."

सुचिता दारातच थांबली.

शेषराव आत खाटेवर होते, वाळलेले. नातीला त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि कितीतरी वेळ लेकीकडे पाहिलंच नाही. जेवणं झाली तरी बोलणं पाण्याच्या तांब्यापुरतंच. ठरवलेलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

सकाळी ती उठली तर शेषराव आंघोळ करून, टोपी घालून तयार. सवयीनं ते फळीजवळच्या खुर्चीवर बसले, मग लेक समोरच आहे हे आठवून उठू लागले.

तिनं त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, "बाबा, कोणाले लावता?"

"ज्याले लावतो थ्यानं नंबर बदलला," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "संक्रांतीनंतर लागलाच नाही. एक बाई काही बोलते अन कट होते. भिंतीवरचा एकेक आकडा ताडून पाह्यला मी. बदलला त बदलला. बापाले सांगाचं नव्हतं, नाही सांगितलं."

"मी नाही बदलला, बाबा! हा पाहा, तोच नंबर."

"मंग वाजव."

त्यांनी रिसीव्हर उचलला. भिंतीकडे न बघता दहा आकडे दाबले, बूथवर दाबायचे तसे ऐटीत. सुचिताच्या मांडीवर छकुली होती आणि छकुलीच्या हातात मोबाइल. तो वाजला नाही. छकुलीनं तो तोंडात घातला.

"पाह्यलं?" शेषराव म्हणाले.

तिनं त्यांच्या हातून रिसीव्हर घेतला. आत एक बाई शांतपणे सांगत होती, मोबाइल नंबराआधी शून्य लावा. पुन्हा तेच सांगत होती. दर रविवारी हेच सांगत आली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला होता. घरच्या फोनवरून कुठलाही मोबाइल लावायचा, अगदी शेजारच्या घरातला, तरी आधी शून्य. गावात आता घरचा फोन उरला होताच कोणाकडे? सांगणार कोण? आणि शेषराव तरी कोणाला विचारणार? सगळं गाव त्यांना विचारत आलेलं. लेकीनं नंबर बदलला अन बापाला सांगितला नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?

"काय म्हणते थे बाई?"

तिला वाटलं खोटं सांगावं. लाइन खराब आहे म्हणावं. पण मग पुढचा रविवारही तसाच गेला असता. ती त्यांच्या कानाशी वाकली. "शून्य लावा म्हणते, बाबा. आता सगळ्यांले लागते."

"राज्यातल्या राज्यात?"

"हाव."

"आपल्याच लेकीले?"

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. शेषरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चाळीस रविवार," ते म्हणाले, "अन मले कोड येत नव्हता."

आता तिला ते वाक्य म्हणता येईना. चुकलं म्हणायचं तर कशात चुकलं तेही म्हणावं लागलं असतं, आणि ते बोलणं आजच्या दिवशी पुन्हा त्यांच्या पुढ्यात टाकायला तिची जीभ वळली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी पेन्सिल शोधली. भिंतीवरचा नंबर अगदी चौकटीला लागून लिहिलेला, पुढे जागाच नव्हती. शून्य चौकटीच्या लाकडावर काढावं लागलं. लाकडावर पेन्सिल उमटेना, म्हणून त्यांनी ते तीन-चारदा गिरवलं.

उंद्रीला परतल्यावर पुढच्या रविवारी बरोब्बर नऊला फोन वाजला. सोनाळ्याचा नंबर. सुचिता छकुलीला कडेवर घेऊन परसात धावली.

"लागला!" पलीकडून शेषराव ओरडले.

"बाबा," ती एका श्वासात म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले न, कोड सांगान का म्हणून... चुकलं माझं. लई चुकलं."

"हाव, हाव. छकुलीले दुसरा दात आला का?"

"बाबा, मी म्हणते, चुकलं माझं."

"मोठ्यानं बोल, माय. काहीच ऐकू येत नाही."

सासूबाई मागच्या ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. सुचितानं छकुलीला छातीशी घट्ट धरलं, श्वास भरून घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली,

"आला, बाबा! दात आला!"

"आला का? बरं झालं," शेषराव म्हणाले. "ठेवतो मंग. पुढच्या रविवारी लावतो. शून्य लावून."