दोन नंबरचा श्वास

परीक्षक व्हायला होकार देण्याआधीच मामांनी त्यात आपला फायदा किती, हे नीट जोखून पाहिलं होतं. पियानोच्या एकल ध्वनिमुद्रिकांना दर वर्षी बक्षीस देणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष यंदा निवृत्त होत होते. त्या खुर्चीसाठी दोन गोष्टी लागत, चांगला कान आणि नि:पक्षपाती म्हणून नाव. कानाची चिंता नव्हती. इतकी वर्षं ते अशाच मुद्रिकांची परीक्षणं लिहीत होते, आणि मासिकाच्या कचेरीत सगळे त्यांना ‘कानसेन’ म्हणत, तोंडावर कौतुकानं, पाठीमागे जरा वेगळ्या सुरात. नि:पक्षपातीपणा सिद्ध करायची वेळ मात्र कधी आली नव्हती. ती यंदा आयती चालून आली. अंतिम फेरीत उरलेल्या दोघींपैकी एक मामांची सख्खी भाची होती.

“मंडळाचं काम आमचे संपादकच बघतात, त्यांना मी आधीच सांगून टाकलंय,” मामा मामींना म्हणाले. “ते म्हणाले, नावं लिफाफ्यात बंद आहेत, तुमच्याकडे नुसते नंबर येणार. मग हरकत कसली?”

“काहीच नाही,” मामी म्हणाल्या. “जिन्यात कोण शिंकलं ते तुम्ही घरात बसून ओळखता. भाचीचा हात तेवढा ओळखू यायचा नाही.”

मुद्रिका आल्या. एक आणि दोन. दोघींनी तोच संथ सोनाटा वाजवला होता. वादनाला दहापैकी गुण, ध्वनीला दहापैकी गुण. मामांनी खिडक्या लावून घेतल्या, खुर्ची दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर ओढली आणि आधी दोन्ही मुद्रिकांचा आवाज एका पातळीला आणून ठेवला. जरासा मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो आणि नवखे परीक्षक तिथेच फसतात, हे ते सगळ्यांना सांगत.

एक नंबर स्वच्छ होती. प्रत्येक स्वर धुऊन, पुसून जागच्या जागी ठेवल्यासारखा. खर्ज कुठे फुगत नव्हता, पेडल सोडल्याचा धप् आवाज नव्हता, सभागृहाचा घुमारा हवा तेवढाच. मामांनी मान डोलावली आणि मध्येच गॅस बंद आहे का ते बघून आले.

दोन नंबर लावली आणि त्यांना उठवेना. माइक पियानोच्या पार जवळ ठेवलेला, त्यामुळे खालच्या पट्ट्या घरघरत होत्या. पण दुसऱ्या पानावर डावा हात एका स्वरावर थांबला. उजव्यानं आता यायला हवं होतं, तो आला नाही, आणि ते न येणं इतकं लांबलं की मामांच्या हातावर काटा उभा राहिला. त्या शांततेत ऐकू आलं, सूं. नाकानं ओढलेला श्वास. मग हाताची दूरच्या पट्टीवर उडी. मग स्वर.

मामा ताडकन उठले.

ही सवय ते ओळखत होते. भाची लहानपणापासून प्रत्येक अवघड उडीआधी अशीच श्वास ओढायची. “पियानोला सर्दी झालीय का?” म्हणून ते तिला चिडवायचे, आणि ती रडकुंडीला यायची.

मग सुरू झाली घालमेल. चहा गार झाला. मामांनी खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली, तोच तुकडा पुन्हा लावला. काटा पुन्हा आला. काटा खरा की मामेपणाचा? वादनाला त्यांनी नऊ लिहिले, खोडून आठ केले. डोळ्यांसमोर अध्यक्षांची खुर्ची आली, नि लोक काय म्हणतील तेही आलं.

“अहो, बसा तरी एका जागी,” मामी ओरडल्या. “फरशी झिजेल.”

“आपल्या माणसाला जास्त कडक लावायला लागतं,” मामा म्हणाले, मामींना की स्वतःला कोण जाणे. त्यांनी दोन नंबरला वादनाचे सहा दिले आणि शेरा लिहिला, ‘श्वासामुळे रसभंग.’ एक नंबरला नऊ. मग कुठे हायसं वाटलं. तेही जेवणापुरतंच.

बैठकीत संपादक आणि मंडळाचे ध्वनिमुद्रक असे दोघं परीक्षक आणखी होते. त्यांचं झुकतं माप दोन नंबरला होतं, पण थोडंसंच. मामांचे गुण धरले आणि एक नंबर पुढे गेली. संपादकांनी लिफाफे फोडले.

“एक नंबर, कानसेन, तुमची भाची! अभिनंदन.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “लोक बोलणार हां, मामानं निवडून आणली म्हणून. पण आपल्याला ठाऊक आहे, तुम्हाला माहीत नव्हतं.”

“आणि दोन?” मामांनी विचारलं.

“मनगटाच्या दुखण्यानं मध्ये बरीच वर्षं वाजवायचं सोडलं होतं तिनं. वयाच्या अटीत हे तिचं शेवटचं वर्ष होतं.”

मामा खुर्चीत चुळबुळले. गप्प बसलं तर खुर्ची आपली. थोडी कुजबुज होईल, विरेल.

“पुन्हा ऐकू या,” ते म्हणाले. “माझे गुण चुकलेत.”

“लिफाफे फोडल्यावर गुण बदलत नाहीत. नियम तुम्हालाही ठाऊक आहे. आणि चुकले कसे?”

“मला वाटलं दोन नंबर भाची आहे.”

ध्वनिमुद्रक मोठ्यानं हसले, मग एकटेच हसतोय हे कळून थांबले. “म्हणजे आवडली म्हणून कापले?”

“फार आवडली,” मामा म्हणाले.

निकाल तोच राहिला. संपादकांनी मामांना दारापर्यंत सोडलं, दरवाजा आदबीनं उघडला आणि अध्यक्षपदाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. ध्वनिमुद्रकांच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे तिला सगळं कळलं होतं.

“मामा, माझा एकेक श्वास मी कापून घेतलाय त्या मुद्रिकेतून. दोन दिवस स्टुडिओत बसून. तुम्हाला खपत नाही ना.”

“अगं, छान वाजवलंयस तू. नऊ दिलेत मी.”

“हो. कोणीतरी परकी आहे समजून.” ती थांबली. “आणि जी खरंच आवडली, ती मी नव्हते.”

मामा काहीतरी बोलायला गेले, पण पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज झाला. मामींनी टेबलावरचं ताट उचललं आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

तेव्हा कोणाचं काय गेलं, ते असं. मामांची खुर्ची गेली, आणि स्वतःच्या कानावरचा भरवसाही. भाचीला मोठ्या सभागृहातला कार्यक्रम मिळाला. टाळ्याही मिळाल्या. पण मामांकडे येणं तिनं सोडलं. आणि सगळ्यात जास्त किंमत मोजली ती दोन नंबरनं. तिचं मामांशी नातं नव्हतं, खुर्चीशी घेणंदेणं नव्हतं. तिला मंडळाकडून आभाराचं छापील पत्र गेलं, आणि आपण कमी पडलो असं समजून तिनं ते मुकाट्यानं ठेवून दिलं.